जर्मनीतली चौथीतली वाटणी की आपली नर्सरीतली: जास्त अन्याय कुठे?

अळूवडी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकते, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही काही वर्षं स्टुटगार्टजवळ होतो, आता बाणेरला परत आलोय. लेक तिथे तिसरीपर्यंत शिकली. तिथे शाळा शोधायची भानगडच नव्हती, घराच्या पत्त्यावरून जवळची सरकारी प्राथमिक शाळा (ग्रुंडशूले म्हणतात) मिळाली, फी शून्य, आणि आसपासची सगळी पोरं तिथेच. तिच्या वर्गात बेकरीवाल्याचा मुलगा, एका सर्जनबाईंची मुलगी, सीरियाहून आलेली जुळी, सगळे एकाच बाकांवर. इथे आल्यावर शाळांना फोन करायला लागले तर निम्म्या ठिकाणी पहिला प्रश्न, "मॅम, बजेट काय आहे?" म्हणजे फ्लॅट घेतोय की शाळा, कळेना.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची. संध्याकाळी दोघी खाली लगोरी खेळतात, भांडतात, परत खेळतात. सकाळी मात्र एकीला न्यायला एसी बस येते आणि दुसरी चालत मनपाच्या शाळेत. ह्या दोघी आयुष्यात कधीच एका वर्गात बसणार नाहीत हे त्या तीन वर्षांच्या होत्या तेव्हाच ठरून गेलं, आणि कुणी ठरवलं विचाराल तर कुणीच नाही.

नवऱ्याचं म्हणणं उलट आहे. तो म्हणतो जर्मनीत चौथी संपली की बाई कागदावर लिहून देतात हे पोर गिम्नाझियमला (म्हणजे पुढे विद्यापीठाच्या वाटेला) जाणार की दुसऱ्या शाळेत, दहाव्या वर्षी पोराचा निकाल लागला. इथे निदान कुणी तुला "तू नाही" असं लिहून तर देत नाही. तो स्वतः अंबाजोगाईकडच्या जिल्हा परिषद शाळेतून पुण्याच्या सीओईपी इंजिनियरिंग कॉलेजला आलाय, त्यामुळे त्याला हे बोलायचा जरा जास्तच हक्क आहे असं त्याला वाटतं.

तर प्रश्न दोन. यातली कुठली विषमता जास्त वाईट? आणि तिथलं काही इथे आणण्यासारखं आहे का, की आपलं आपल्यालाच बघायला लागणार?

पेठेतला_बोका
नवऱ्याचं बरोबर आहे असं लिहिलं तर धागा इथेच संपेल, म्हणून तुमचं बरोबर आहे. बाकी वाचून सांगतो.

सदा_स्टुटगार्ट
मी अजून तिथेच आहे आणि यंदा आमच्याकडे चौथी आहे, त्यामुळे जखम ताजी.

ताई तुम्ही निघालात तेव्हा बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये बाईंची शिफारस नुसती सल्ला होती, २०१२ पासून तसंच चालू होतं, शेवटचा शब्द आईबापाचा. आता ते बदललंय. कोम्पास ४ नावाची परीक्षा आली, चौथीत नोव्हेंबरमध्ये, जर्मन आणि गणित. आता गिम्नाझियमला जायचं तर नुसती आईबापाची इच्छा चालत नाही, बाईंची शिफारस तरी हवी नाहीतर या परीक्षेत तेवढी पातळी तरी. दोन्ही नसेल आणि तुम्ही अडूनच बसलात तर आणखी एक वेगळी चाचणी द्यायची. २०२४ ला पहिल्यांदा झाली तेव्हा गणितात जेमतेम ६ टक्के पोरं गिम्नाझियमच्या पातळीला पोचली, पेपरच नको तेवढा अवघड काढला म्हणून राज्यभर बोंबाबोंब. बव्हेरियात तर आणखी कडक, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली तर गिम्नाझियम, २.६६ पर्यंत रेआलशूले (दहावीपर्यंतची मधली शाळा), बाकीचे मिटेलशूले (सगळ्यात खालची). दशांशावर पोराचं काय ते ठरतं.

आमच्या लेकाला बाईंनी रेआलशूले लिहून दिलंय. मुलगा हुशार आहे असं बाप म्हणून म्हणत नाही, गणित त्याचं खरंच चांगलं आहे, पण घरात आम्ही मराठी बोलतो आणि जर्मन निबंधात तो अडकतो. बाई वाईट नाहीत, प्रेमाने समजावलं, "तिथे तो आनंदात राहील." मी बाहेर येऊन गाडीत नुसता बसून राहिलो. आनंदात राहील म्हणजे काय हो? शेजारच्या डॉक्टरच्या मुलाला तेवढेच मार्क, त्याला गिम्नाझियम. कारण काय तर घरून आधार आहे. आणि हा "घरून आधार" शिफारशीत धरला जातो हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त कुणी तोंडाने म्हणत नाही.

पेठेतला_बोका
सदाभाऊ, तिथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास ना? माझ्या बहिणीच्या पोराने व्हिडिओ कॉलवर आजीला आनंदाने सांगितलं गणितात एक मिळाला. आजीने शांतपणे विचारलं, "कितीपैकी?" आणि मग फोन आजोबांकडे देऊन आत निघून गेली.

अळूवडी
बोका 😄 आमच्याकडेही सेम. आणि पहिल्या दिवशी ते भलंमोठं कागदी शंकूचं पुडकं देतात ना खाऊ-पेन्सिलींनी भरलेलं, शूलट्युटे, तो फोटो सासूबाईंनी फ्रेम करून लावलाय. लेक त्या शंकूपेक्षा जेमतेम वीतभर उंच.

चाकणवाला
मी टूलरूममधला माणूस, चाकणला जर्मन कंपनीत, अधूनमधून तिकडे जाणं होतं. सदाभाऊ तुमचं दुःख कळतं पण रेआलशूले म्हणजे खड्डा नाही हो. माझा तिकडचा बॉस रेआलशूले करून सोळाव्या वर्षी आउसबिल्डुंगला (काम करत शिकायच्या प्रशिक्षणाला) लागला. आठवड्यातले तीनचार दिवस कंपनीत मशीनवर, एकदोन दिवस व्यवसाय शाळेत, साडेतीन वर्षं, आणि पहिल्या महिन्यापासून स्टायपेंड. पुढे माइस्टर (त्या कामातला परीक्षा दिलेला उस्ताद) झाला. आज त्याच्या हाताखाली विद्यापीठातून आलेले इंजिनियर आहेत आणि तो त्यांना बिनधास्त झापतो. माइस्टरच्या जोरावर तिथे विद्यापीठाचं दार पण उघडतं, आबिटूर (गिम्नाझियमची शेवटची परीक्षा) नसलं तरी.

आता आपल्याकडे बघा. आयटीआय केलेलं पोर माझ्याकडे येतं, हातात कला आहे, मायक्रोमीटर असा धरतं की बघत बसावं. पगार काँट्रॅक्टवर, गावाकडे लग्न जमत नाही कारण "मुलगा काय करतो" ला "फिटर" हे उत्तर चालत नाही. तिसऱ्या दर्जाच्या कॉलेजातून बी.ई. झालेला घरी बसलेला असला तरी चालतो. म्हणून मी म्हणतो वाटणी वाईट नाही, वाटणीनंतर दुसऱ्या वाटेवर काय ठेवलंय ते बघा. जर्मनीत दुसऱ्या वाटेवर पगार आहे, मान आहे. आपल्याकडे काही नाही, म्हणून सगळे एकाच दारावर चेंगराचेंगरी करतात.

बर्लिनकर_मुक्ता
चाकणवाला, तुमचा बॉस खरा असेल, पण तो जुन्या जमान्यातला. आता चांगल्या आउसबिल्डुंगच्या जागांसाठी आबिटूरवाली मुलंच येऊन बसतात, बँकेत विमा कंपनीत तर सर्रास. आणि मुळात त्या "दुसऱ्या वाटेवर" कोण जातं ते बघा ना. म्युनिकच्या इफो संस्थेचा २०२४ चा हिशोब आहे, कमी शिकलेल्या, कमी कमाईच्या घरातल्या मुलांपैकी साधारण २७ टक्के गिम्नाझियमला जातात, शिकलेल्या-सुस्थितीतल्या घरातली साधारण ६० टक्के. सगळ्यात कमी तफावत बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये, आणि ही दोनच राज्यं अशी आहेत जिथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत एकत्र चालते. सगळ्यात जास्त तफावतवाल्यांत बव्हेरिया. आता यावरून काय समजायचं ते समजा.

हे बदलायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. हँबुर्गने २०१० मध्ये ठरवलं होतं की चारऐवजी सहा वर्षं सगळी मुलं एकत्र शिकू देत. विधानसभेत सगळे पक्ष तयार होते! तर सुखवस्तू वस्त्यांतल्या पालकांनी सह्या गोळा करून सार्वमत घ्यायला लावलं आणि जुलैमध्ये तो बेत पाडला. गरीब वस्त्यांतून मतदानच कमी झालं. शिकलेली माणसं समतेवर भाषण छान देतात, आपलं पोर शेजारी बसवायची वेळ आली की सार्वमत घेतात. पुणेकरांना हे नवीन नसावं.

आणि नावाचं प्रकरण. ओल्डेनबुर्ग विद्यापीठात २००९ मध्ये प्राथमिक शिक्षकांना नुसती नावं दाखवून विचारलं होतं, तर केव्हिन नाव दिसलं की हा वांड आणि अभ्यासात कच्चा असणार हे आधीच ठरलेलं. आपल्याकडे आडनाव ते काम करतं, त्यांच्याकडे पहिलं नाव, एवढाच फरक.

निवांत_कोथरूड
हे सगळं ठीक पण तिथे भाषेचा प्रश्न कसा हाताळतात, इथे आता पहिलीपासून हिंदी...

संपादक
हिंदीचा धागा वेगळा आहे आणि तिथे आधीच तीनशेच्या वर प्रतिसाद आहेत. कृपया इथे नको.

निवांत_कोथरूड
बरं 😐

जिप_गुरुजी
मी भोरकडच्या एका शाळेत आहे, शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. वर बर्लिनवाल्या ताईंनी आणि सदाभाऊंनी लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला. चौथीच्या पोराचं पुढचं आयुष्य मी लिहून द्यायचं? माझ्याकडे एक मुलगी आहे, पहिली दोन वर्षं तोंडातून शब्द नाही. तिसरीत एकदा ओढ्यावर परिसर अभ्यासाला नेलं तर खेकड्याचं बीळ, सापाचं बीळ आणि उंदराचं बीळ तोंडाच्या आकारावरून वेगळं ओळखून दाखवलं आणि त्या दिवसापासून बडबड थांबेना. दुसरीत मला तिची शिफारस मागितली असती तर मी काय लिहिलं असतं?

पण म्हणून आपलं चांगलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे कुणी काही लिहून देत नाही हे अळूवडी ताईंच्या मिस्टरांचं खरं आहे, पण त्याचं कारण कुणी बघतच नाही. पोर पाचवीत जातं, सातवीत जातं, वाचता येतंय का कुणाला पडलेलं नाही. असर नावाच्या शिक्षण पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतली पाचवीची ४४.८ टक्के मुलं दुसरीचा धडा वाचू शकली, देशभरात. म्हणजे निम्म्याहून जास्त नाही वाचू शकली. जर्मनीत पोराला सांगतात तू त्या दाराने जा. आपल्याकडे सांगतात सगळी दारं उघडी आहेत, आणि पायऱ्याच बांधलेल्या नसतात.

बाकी आमचा दिवस म्हणाल तर पोषण आहाराच्या नोंदी, चार ॲप, निवडणुकीचं बीएलओचं काम, शौचालयाचे फोटो अपलोड, मधल्या वेळात शिकवतो. वर कमी पटाची टांगती तलवार. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या म्हणून २०२३ ला परिपत्रक आलं होतं, पानशेतच्या समूह शाळेचं उदाहरण देऊन. पानशेतला बस आहे, चांगली इमारत आहे, ते मॉडेल वाईट नाही. पण आमच्या वाडीत पावसाळ्यात एसटीच येत नाही तिथे शाळेची बस येणार हे मला कुणी समजावून सांगावं.

पेठेतला_बोका
गुरुजी, तुमच्या प्रतिसादावर विनोद सुचत नाहीये, ही तक्रार समजा.

वकीलीणबाई
मूळ प्रश्नाकडे येते. अळूवडी, तुझ्या लेकीच्या वर्गात बेकरीवाला आणि सर्जन एकत्र होते हे आपोआप झालेलं नाही, ते कायद्याने घडवलेलं आहे. १९२० पर्यंत जर्मनीतही पैसेवाल्यांची पोरं वेगळ्या फीच्या पूर्वशाळांत जायची आणि तिथून थेट गिम्नाझियमला. १९२० च्या प्राथमिक शाळा कायद्याने त्या बंद करायचं ठरलं आणि पहिली चार वर्षं सगळ्यांना एकच शाळा आली. आजच्या जर्मन घटनेच्या कलम ७ मध्ये खाजगी शाळा काढायचा हक्क आहे पण अट अशी की पालकांच्या ऐपतीप्रमाणे मुलांची विभागणी होता कामा नये, आणि खाजगी प्राथमिक शाळेला तर परवानगीच अपवादाने. शिवाय शाळेत जाणं सक्तीचं, घरी शिकवतो म्हणायची सोय नाही. म्हणून तिथे खाजगीत जेमतेम ९ टक्के मुलं. आपल्याकडे देशात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि शहरात विचारूच नका.

आपल्याकडे याच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट आहे, आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) कलम १२(१)(क), खाजगी शाळेत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळा या कायद्यातूनच बाहेर काढल्या, त्यानंतर किती संस्थांना आपण अल्पसंख्याक असल्याचा साक्षात्कार झाला ते पुण्यात राहून तुम्हाला माहीतच असेल. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांची सक्ती नाही. पुण्यात एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा नाही अशी जागा दाखवा! म्हणजे कलम तसंच ठेवून आतून पोकळ. मुंबई हायकोर्टाने मे मध्ये स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती दुरुस्ती रद्द केली.

म्हणून माझं मत, तिथली वाईट वाटणी दहाव्या वर्षी होते पण तिच्यावर सही असते, त्यामुळे भांडता येतं, सार्वमत घेता येतं, कोर्टात जाता येतं. आपली वाटणी कुणाच्या सहीशिवाय होते. मी भांडू कुणाशी, एसी बसशी?

छोटी_शाळा
नाव न घेता लिहितो. उपनगरात पत्र्याच्या शेडपासून सुरू केलेली इंग्रजी शाळा चालवतो, फी वर्षाला बावीस हजार, पालक रिक्षावाले, प्लंबर, भाजीवाले. वकीलीणबाई, तुमच्या डोळ्यासमोर खाजगी शाळा म्हणजे स्विमिंग पूलवाली. आरटीईच्या एका मुलामागे सरकारने ठरवलेला दर १७,६७० रुपये, तोही वेळेवर नाही, वर्षानुवर्षं थकतो. पूलवाल्याला फरक पडत नाही, त्याची फी दोन लाख आहे. माझ्याकडे चौथा हिस्सा वर्ग उधारीवर चालतो आणि बाईंचा पगार मी एक तारखेला देतोच. आदर्श तुमचे, बिल माझ्या टेबलावर.

वकीलीणबाई
@छोटी_शाळा हे शंभर टक्के मान्य. पैसे थकवणं हा सुद्धा ते कलम मारून टाकायचाच एक मार्ग आहे, आणि त्यात तुमच्यासारखे आधी मरतात. फक्त उपाय म्हणून मुलं बाहेर काढू नका, थकबाकीसाठी संघटनेतर्फे कोर्टात जा, संस्थाचालक गेलेले आहेत.

तीनचाकी
मी वाचतो जास्त, लिहितो कमी. रिक्षा चालवतो, मुलगा आरटीईतून मोठ्या शाळेत आहे, आता सहावीत. लॉटरीचा मेसेज आला तेव्हा मी स्टँडवर सगळ्यांना पेढे वाटले होते.

फी माफ आहे हे खरं. पण बाकीचं कुणी सांगत नाही. पुस्तकं-गणवेश ठराविक दुकानातूनच, ॲक्टिव्हिटीचे पैसे वेगळे, गॅदरिंगचा ड्रेस एका दिवसासाठी अठराशेचा. वाढदिवसाला पोरं वर्गात रिटर्न गिफ्ट देतात. माझ्या मुलाने पहिलीत असताना सगळ्यांना पेन्सिल द्यायच्या ठरवल्या, छान डब्बल रबरवाल्या, मी आणि त्याच्या आईने रात्री बसून एकेकीला रिबिन बांधली. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला माझा वाढदिवस सुट्टीत येतो असं सांगू या. येत नाही सुट्टीत. का म्हणाला ते मी विचारलं नाही, कळलं होतं.

तरी सांगतो, मुलाला काढणार नाही. इंग्रजी फाडफाड बोलतो, बाईंना उलट प्रश्न विचारतो, मी त्याच्या वयाचा असताना मास्तरसमोर मान वर केली नव्हती. आणि त्याचा एक मित्र आहे, वडील मोठे बिल्डर, तो आमच्या घरी येऊन खाली बसून पिठलं-भाकरी खातो, त्याला आमच्या घरी यायला आवडतं. मोठ्यांना जमत नाही ते पोरांना जमतं, आपण मध्ये नाही आलो तर. फक्त आठवीनंतर काय? आरटीई आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी भरा नाहीतर दुसरी शाळा बघा. जर्मनीत दहाव्या वर्षी बाहेर काढतात म्हणताय, आमचं चौदाव्या वर्षी.

अळूवडी
दादा, आठवीनंतरचं मला माहीतच नव्हतं. त्या पेन्सिलींचं वाचून पुढे काही लिहवेना.

सदा_स्टुटगार्ट
@तीनचाकी तुमचा मुलगा सहावीत बाईंना उलट प्रश्न विचारतो, माझा इथे चौथीत गप्प बसतो. मला काय म्हणायचंय ते कळलं असेल.

सातारारोडचे_काका
वय ७४, म्हणून थोडं मागचं सांगतो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने सक्तीच्या शाळेचा हुकूम काढला १७६३ साली, इथे तेव्हा नुकतं पानिपत झालं होतं. अंमलबजावणी कच्ची होती पण कल्पना तेव्हाची. आपल्याकडे ही मागणी ठासून लेखी मांडली ती पुण्यातूनच. भिडे वाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आणि त्यात खरी गोम अशी की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी सरळ तोंडावर सांगितलं. आजचा हा धागा जोतीरावांनी वाचला असता तर म्हणाले असते मी काय वेगळं सांगत होतो.

मग गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक आणलं, पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. विरोधात नुसते इंग्रज नव्हते, आपले जमीनदारही होते, शेतावर राबायला पोरं कोण देणार म्हणून. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापुरात करून दाखवलं, शाळेत पोर न पाठवणाऱ्या बापाला दंड. आणि देशभराचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० ला. हिशोब तुम्हीच करा.

आणि वाटणीचं म्हणाल तर आमच्या वेळी चौथीची स्कॉलरशिप होतीच की. वर्गातली निवडक पोरं वेगळी काढायची, गुरुजी त्यांना सकाळी सातला जादा तास घ्यायचे, बाकीच्यांनी मैदानात खेळायचं. मी खेळणाऱ्यांत होतो. पेन्शन मात्र दोघांनाही मिळते आहे.

चाकणवाला
काका 🙏 शेवटचं वाक्य फ्रेम करून टूलरूममध्ये लावतो.

निवांत_कोथरूड
पिसाचं (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) कुणी काढलं नाही अजून? डिसेंबर २००१ ला जर्मनीचा पहिला निकाल आला, सरासरीच्या खाली, आणि घरची परिस्थिती आणि पोराचे मार्क यांचं नातं सगळ्यात घट्ट असणाऱ्या देशांत नंबर. तिकडे पेपरांत महिनोन्महिने तेच, पिसा-शॉक शब्दच पडला. मग पूर्ण दिवसाच्या शाळा वाढवल्या, भाषेच्या चाचण्या आणल्या, काही वर्षं सुधारले, २०२२ ला परत घसरून नीचांक. आपण २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल पाठवले, ७४ मध्ये ७२-७३ वे आलो, आणि परीक्षेतले प्रश्न आपल्या मुलांच्या संदर्भातले नाहीत म्हणून परत बसलोच नाही. एका देशाने नापास झाल्यावर क्लास लावला, दुसऱ्याने पेपरच चुकीचा म्हणून शाळा सोडली. (संपादक, यात हिंदी नाही.)

बर्लिनकर_मुक्ता
निवांत, भारी. आता ऑगस्ट २०२४ पासून त्यांनी स्टार्टशान्सन म्हणून कार्यक्रम सुरू केलाय, दहा वर्षांत २० अब्ज युरो, अर्धे केंद्राचे अर्धे राज्यांचे, गरीब वस्त्यांतल्या साधारण ४,००० शाळांना. सगळ्यांना सारखं न वाटता जिथे गरज जास्त तिथे जास्त. अळूवडीचा दुसरा प्रश्न होता ना, इथे आणण्यासारखं काय, तर मी हे म्हणेन. वाटणी नको, पैशाचा हा हिशोब आणा.

जिप_गुरुजी
आणण्यासारखं विचारताय तर इथलंच बघा आधी. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मोठी पोरं लहान पोरांना शिकवतात, गावाने मिळून शाळा उभी केली. बाणेरहून गाडीने दीडदोन तास असेल.

आणि ताई राग मानू नका, तुमच्या त्या वॉचमनची मुलगी जाते ती मनपाची शाळा तुम्ही आतून बघितलीये का कधी? मी टोमणा मारत नाहीये. मनपाच्या काही शाळांत आमच्यापेक्षा तरुण, उत्साही शिक्षक आहेत. तिथे तुमच्यासारखी पाच घरं आली तर शाळा व्यवस्थापन समितीत बोलणारं कुणीतरी असेल. आता तिथे ज्यांना बोलता येतं ते नाहीत आणि जे आहेत त्यांचा त्या दिवशीचा खाडा होतो.

अळूवडी
गुरुजी, राग नाही. आत गेले नाहीये. लेकीला तिथे घालायची माझी हिंमत होईल असं आत्ता तरी वाटत नाही, खोटं कशाला बोलू, जर्मनीतून आलेली मुलगी मराठी वाचताना अजून अडखळते. पण बघून तर येते. नवऱ्याला हा धागा दाखवला, त्याने फक्त चाकणवाल्यांचा आणि स्वतःच्या बाजूचा असे दोन प्रतिसाद वाचले.

पेठेतला_बोका
नवऱ्याच्या बाजूचा प्रतिसाद कुठला? मला एकही सापडला नाही.

तीनचाकी
ताई, वॉचमनच्या घरात पहिलीच्या खालचं कुणी असेल, तर पुढच्या वर्षीचा आरटीईचा फॉर्म भरायला मदत करा. बरेच जण कागदावरून अडकतात. आमच्या वस्तीतल्या तिघांचे अर्ज फक्त भाडेकरार नोंदणीकृत नव्हता म्हणून गेले.

अळूवडी
आहे, धाकटा भाऊ आहे चार वर्षांचा! काय काय लागतं?

वकीलीणबाई
जन्मदाखला, राहण्याचा पुरावा (भाड्याने असतील तर नोंदणीकृत करार, साधा स्टॅम्प पेपर चालत नाही). जातीच्या गटातून भरत असतील तर वडिलांचा जातीचा दाखला, तिथे उत्पन्नाची अट नाही. आर्थिक दुर्बल म्हणून भरत असतील तर वर्षाला एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, तहसीलचा. तो शेवटच्या आठवड्यात मिळत नाही, आत्तापासून मागे लागा. वॉचमन सोसायटीच्या खोलीत राहतात ना? मग करार कुणाच्या नावाने करायचा हे आधी सेक्रेटरींना विचार, तिथेच गाडी अडते.

अळूवडी
सेक्रेटरी म्हणजे आमचे हेच. आज रात्री विचारते.